परदेशी शिष्टमंडळ बैठकीच्या खोलीसाठी स्क्रीन भेट देतंय: घ्यावा का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात टॉवेल उत्पादकांची एक संघटना आहे. एका देशाचं व्यापारी शिष्टमंडळ अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखाने बघायला येतंय. त्या देशाबरोबर आपल्या सरकारची व्यापार कराराची बोलणी चालू आहेत. शिष्टमंडळ संघटनेच्या बैठकीच्या खोलीसाठी ७५ इंची टच स्क्रीन आणि पदाधिकाऱ्यांना एकेक टॅब देणार आहे, शिवाय एका सामंजस्य करारावर सह्या व्हायच्या आहेत. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, आलेली वस्तू नाकारणं बरं दिसत नाही. दुसरा कतारने अमेरिकेला दिलेल्या विमानाचा वाद पुढे करतो. भेटीत खरंच धोका असतो की हा नुसता बाऊ आहे, आणि आपल्याकडे नियम काय, असं तुम्ही विचारलंय.

सरकारी खरेदी आणि उपकरणांची सुरक्षा तपासणी हेच माझं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘आत मायक्रोफोन लपवलाय का’ या प्रश्नापासून सुरुवात करू नका. त्याचं खात्रीचं उत्तर तुम्हाला मिळणार नाही, चांगल्या प्रयोगशाळेलाही ते सहज मिळत नाही. विचारायचा प्रश्न असा: वस्तू आपल्या ताब्यात आल्यावरही तिचा ताबा थोडाफार देणाऱ्याकडे राहतो का? तिचं सॉफ्टवेअर कोण अपडेट करणार, बिघडली तर कोण येणार, सुटे भाग कुठून येणार, पासवर्ड कोणाकडे असणार? दोन सरकारांमधल्या भेटी असोत वा करार, सुरक्षेचे बहुतेक वाद शेवटी इथेच येऊन थांबतात.

उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलतं, हेही आधीच सांगतो. देश कोणता, तुमची संघटना कशाखाली नोंदलेली आहे, आणि त्या खोलीत नेमकं काय बोललं जातं, हे तिन्ही मला माहीत नाही. खोलीत फक्त गणपतीच्या वर्गणीची बैठक होत असेल तर अर्ध्या सूचना गैरलागू आहेत. निर्यातीचे दर, खरेदीदारांची नावं आणि जकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) नवी डिझाइन तिथे ठरत असतील तर सगळ्या लागू आहेत.

भेटीत धोका असतो का, याचं सर्वांत जुनं आणि पक्कं उदाहरण मॉस्कोतलं आहे. ४ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत अॅव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेचं सुंदर लाकडी कोरीवकाम दिलं. ते राजदूतांच्या निवासातल्या अभ्यासिकेत लावलं गेलं आणि १९५२ पर्यंत तिथेच होतं. आत ना बॅटरी, ना वायर. एक छोटी धातूची पोकळी, तिच्या तोंडाशी कागदाहूनही पातळ पडदा आणि साधारण नऊ इंचांचा अँटेना, एवढंच. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की आतल्या बोलण्याने पडदा थरथरायचा आणि परत जाणाऱ्या लहरींवर तो आवाज उमटायचा. झोत बंद असला की तो निव्वळ लाकडाचा तुकडा, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत काहीच सापडत नव्हतं. लेव्ह टेरमेन या संशोधकाने ते बनवलं होतं, आणि मे १९६० मध्ये अमेरिकेने ते संयुक्त राष्ट्रांत सगळ्यांसमोर ठेवलं.

यातून घ्यायचं ते एवढंच की वस्तू कुठे टांगली यालाही तितकंच महत्त्व आहे. तेच कोरीवकाम सार्वजनिक दालनात लावलं असतं तर त्यातून ऐकायला काय मिळालं असतं? आपल्याकडे भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातले ते सोलापूरकर, आणि त्या आदरापोटी चिनी पाहुणे आजही तिथे येतात. अशा ठिकाणी कुणी चित्र किंवा पुतळा दिला तर तो मनापासून घ्यावा आणि प्रदर्शनात ठेवावा. संशयापायी माणुसकीची जुनी नाती तोडायची गरज नाही. फक्त तीच वस्तू आयुक्तांच्या दालनात किंवा तुमच्या बैठकीच्या खोलीत जाऊ नये.

आता समितीतल्या दुसऱ्या तटाने पुढे केलेलं कतारचं विमान. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कतारकडून बोइंग ७४७-८ स्वीकारलं, किंमत साधारण ४० कोटी डॉलर सांगितली गेली. वाद दोन होते आणि लोक ते एकात मिसळतात. पहिला नैतिक आणि घटनात्मक: अमेरिकेच्या घटनेत, संसदेच्या संमतीशिवाय पदाधिकाऱ्याने परकी राज्याकडून भेट घेऊ नये असं कलम आहे. दुसरा निव्वळ तांत्रिक: राष्ट्राध्यक्षांसाठी वापरायचं तर विमान आतून पूर्ण उघडून, प्रत्येक केबल आणि पॅनेल तपासून पुन्हा बांधावं लागतं. या बदलांचा खर्च बहुधा ४० कोटी डॉलरच्या आत राहील, असं हवाई दलाच्या सचिवांनी संसदेत सांगितलं. म्हणजे फुकटच्या विमानावरचा खर्च विमानाच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो. आणि विकत घेतलेलं विमान सुरक्षित असतंच असंही नाही. जानेवारी २००२ मध्ये बातम्या आल्या होत्या की चीनने अध्यक्ष च्यांग झमिन यांच्यासाठी अमेरिकेत तयार करून घेतलेल्या बोइंग ७६७ मध्ये वीस-पंचवीसहून जास्त ऐकण्याची उपकरणं सापडली.

इमारतीचं उदाहरण तुमच्या स्क्रीनच्या जास्त जवळचं आहे. आदिस अबाबातलं आफ्रिकी संघाचं मुख्यालय चीनने सुमारे २० कोटी डॉलर खर्चून भेट म्हणून बांधलं, २०१२ मध्ये उद्घाटन झालं. जानेवारी २०१८ मध्ये फ्रान्सच्या ‘ल माँद’ वृत्तपत्राने बातमी दिली की रोज रात्री बारा ते दोनच्या दरम्यान, इमारतीत चिटपाखरू नसताना, तिथल्या सर्व्हरवरून सर्वाधिक डेटा बाहेर जात होता, आणि तो शांघायकडे जात होता. चीनने याचा ठाम इन्कार केला. बातमी खरी माना किंवा नका मानू, तांत्रिक धडा तोच राहतो: नेटवर्क देणाऱ्यानेच बसवलं, तोच सांभाळत होता, आणि रात्रीचा डेटा कुठे जातो हे बघणारं घरचं कुणी नव्हतं.

हा प्रश्न फक्त एकाच देशापुरता आहे असं समजू नका. भारताने मालदीवला दोन ध्रुव हेलिकॉप्टर आणि एक डॉर्निअर विमान दिलं होतं, रुग्ण हलवण्यासाठी आणि समुद्रावर नजर ठेवण्यासाठी. ते चालवायला आपले लष्करी कर्मचारी तिथे होते. मालदीवच्या नव्या सरकारने त्यांच्या उपस्थितीवर आक्षेप घेतला आणि १० मे २०२४ पर्यंत त्यांना परत जायला सांगितलं, त्यांच्या जागी भारतातलेच नागरी तंत्रज्ञ गेले. त्यानंतर लगेचच मालदीवच्या संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं की ती विमानं चालवू शकणारे वैमानिक अजून त्यांच्याकडे नाहीत. आपला हेतू चांगलाच होता, तरी घेणाऱ्याला अडचण वाटली, कारण वस्तू त्यांची असली तरी ती चालवणारे हात आपले होते.

मग भेट आणि खरेदी यांत फरक काय? खरेदीला दारं आहेत आणि प्रत्येक दारावर कुणीतरी कागद विचारतं. भेट या सगळ्याला वळसा घालून थेट टेबलावर येते. २३ जुलै २०२० च्या आदेशानुसार भारताच्या भू-सीमेला लागून असलेल्या देशातल्या पुरवठादाराला सरकारी निविदेत उतरायचं तर आधी नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय आणि गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते. दूरसंचार कंपन्यांना १५ जून २०२१ पासून ‘विश्वसनीय स्रोता’कडूनच उपकरणं जोडता येतात. सीसीटीव्हीसाठी ९ एप्रिल २०२५ पासून सुरक्षा चाचणी सक्तीची आहे, त्यात हार्डवेअर, फर्मवेअर (उपकरणातच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर) आणि सोर्स कोडपर्यंत (सॉफ्टवेअर ज्यातून बनतं तो मूळ मजकूर) तपासणी येते. तुमची खासगी संघटना यातल्या सरकारी खरेदीच्या नियमांनी बांधलेली नाही. पण ‘हीच वस्तू आपण निविदा काढून घेतली असती तर कोणते कागद मागितले असते’ हा प्रश्न विचारून तेच कागद भेटीसाठीही मागा. माझी कामाची पद्धत हीच आहे आणि ती कुठल्याही देशाला सारखीच लागू होते, त्यामुळे कुणाचा अपमानही होत नाही.

भेटींचे आपले जुने नियम मात्र किमतीभोवती फिरतात. मंत्र्यांना परदेशातून मिळालेली वस्तू प्रतीकात्मक असेल, जसं मानाची तलवार किंवा पोशाख, तर ठेवता येते. बाकी वस्तू ५,००० रुपयांच्या आत असेल तर ठेवता येते, वर गेली तर तोषाखान्यात, म्हणजे सरकारी भेटवस्तूंच्या भांडारात जाते आणि हवी असल्यास वरचा फरक भरून विकत घेता येते. जमा झालेल्या वस्तूंच्या याद्या परराष्ट्र मंत्रालय प्रसिद्धही करतं. लाचलुचपत रोखायला हे योग्यच आहे. पण किंमत हा एक प्रश्न आणि सुरक्षा हा दुसरा. पाच लाखांचा गालिचा तोषाखान्यात जाईल आणि तीनशे रुपयांचा पेनड्राइव्ह खिशात राहील, खरा धोका मात्र पेनड्राइव्हमध्ये आहे. २०१३ च्या सेंट पीटर्सबर्गमधल्या जी-२० परिषदेत पाहुण्यांना दिलेल्या पेनड्राइव्ह आणि चार्जरबद्दल इटलीच्या वृत्तपत्रांनी असाच संशय व्यक्त केला होता, रशियाने तो फेटाळला. २०१८ मध्ये सिंगापूरला ट्रम्प-किम भेटीच्या वेळी पत्रकारांना यूएसबी पंखे वाटले गेले. त्यातला एक केंब्रिजच्या संशोधकाने उघडून पाहिला तर आत फक्त विजेच्या तारा जोडलेल्या, डेटाच्या नव्हत्याच. अशा वस्तू बहुतेक वेळा निर्दोषच निघतात. पण प्रत्येक नग उघडून बघणं कुणालाच परवडत नाही, म्हणून सरसकट न वापरण्याचा नियम लागतो.

तुमच्या संघटनेला लागू होणारा सर्वांत महत्त्वाचा कायदा म्हणजे एफसीआरए, परकीय योगदान नियमन कायदा, २०१०. परकीय योगदान म्हणजे फक्त पैसा नव्हे, वस्तूही त्यात येते, आणि देणारं सरकार असो की कंपनी, दोन्ही परकीय स्रोतच. आर्थिक, शैक्षणिक, सामाजिक उद्दिष्ट असलेल्या संस्थेला त्यासाठी आधी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. टॉवेल उत्पादकांच्या संघटनेचं उद्दिष्ट आर्थिक आहे हे तुमच्या घटनेच्या पहिल्या पानावरच असेल. म्हणून स्क्रीन संस्थेच्या नावावर घेण्याआधी एफसीआरएचं काम करणाऱ्या सीएचं लेखी मत घ्या. व्यक्तीला वैयक्तिक वापरासाठी मिळालेली, बाजारभावाने एक लाख रुपयांपर्यंतची वस्तू या व्याख्येतून वगळली आहे. म्हणजे कायदा टॅबला जाऊ देतो आणि स्क्रीनला अडवतो. सुरक्षेच्या दृष्टीने मात्र टॅबच जास्त वाईट: तो घरी जातो, त्यावर व्हॉट्सॲप आणि ईमेल चढतं, आणि महिन्याभरात त्यात तुमच्या सगळ्या खरेदीदारांचे नंबर असतात. टॅब घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो.

माल परदेशातून येणार असेल तर भेट आहे म्हणून सीमाशुल्क आपोआप माफ होत नाही, आयातदार कोण हे आधी ठरवा. इलेक्ट्रॉनिक वस्तूवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असतो, ‘आर-’ आणि पुढे आकडे. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, मेक आणि मॉडेल जुळतं का ते पाहा. वाय-फाय किंवा ब्लूटूथ असलेल्या वस्तूला दूरसंचार विभागाची उपकरण मान्यता लागते, तीही मागा.

समजा कायद्याची बाजू सुटली आणि स्क्रीन आलाच. मागची बाजू भिंतीला लागण्याआधी नीट पाहा. अशा पॅनेलच्या मागे साधारण हे सापडतं: लॅन पोर्ट, दोन-तीन यूएसबी, एचडीएमआय, वाय-फायचं मॉड्यूल, आणि एक लांबट खाच, जिच्यात चपटा संगणक सरकवलेला असतो. त्याला ओपीएस म्हणतात. पुढच्या चौकटीत बारीक छिद्रं दिसली तर ती बहुधा मायक्रोफोनची. पॅनेलच्या आत स्वतःचं अँड्रॉइडही असतं. ओपीएस संगणक दोन स्क्रू काढून बाहेर घ्या आणि वेगळा ठेवा. वाय-फाय मॉड्यूल निघत असेल तर काढा, लॅनची वायर लावूच नका. मग उरतो तो फक्त पडदा, आणि तुमचा स्वतःचा लॅपटॉप एचडीएमआयने जोडून तो छान चालतो. टचसाठी यूएसबी केबल लागते, ती मात्र लावू नका. टच नाही चाललं तर बिघडत नाही, माउस आहे.

लोक नेमके इथे चुकतात. फॅक्टरी रीसेट केलं की झालं असं समजतात, पण रीसेटने वापरकर्त्याचा डेटा जातो, फर्मवेअर तेच राहतं. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात आणि मायक्रोफोन विसरतात. बसवायला आलेला मुलगा ‘अपडेट करून देतो’ म्हणून ऑफिसच्या वाय-फायचा पासवर्ड मागतो आणि कुणीतरी तो सांगून टाकतो. त्याच वाय-फायवर टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा संगणक असतो. सहा महिन्यांनी बिघाड होतो, तेव्हा दुरुस्तीसाठी एनीडेस्क (दुरून संगणक चालवू देणारं सॉफ्टवेअर) चालू करून दिलं जातं आणि ते तसंच चालू राहतं. इंटरनेट द्यायचंच असेल तर वेगळं कनेक्शन घ्या, राउटरवर रात्री नऊ ते सकाळी नऊ बंद ठेवा, आणि महिन्यातून एकदा राउटरचा लॉग (त्याची आपोआप होणारी नोंद) बघून किती डेटा बाहेर गेला ते वहीत लिहा. ही वही कंटाळवाणी वाटते, पण आफ्रिकी संघाच्या बातमीतली गोष्ट नेमकी अशाच नोंदीत दिसली असती. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) मेक, मॉडेल, सिरियल नंबर, मूळ देश, देणाऱ्याचं नाव आणि तारीख चढवा, खोक्याचा आणि मागच्या लेबलचा फोटो चिकटवा.

आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय, असं समितीत कुणी विचारेल. आहे. कॉस्टिंग शीट. सुताचा भाव, जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन), पाइलची (टॉवेलवरच्या फासांची) उंची, रंगणावळ, मजुरी आणि त्यावरचं मार्जिन, हे समोरच्या खरेदीदाराला बोलणीच्या आदल्या दिवशी कळलं तर तो दर किती पाडायचा ते बसल्या जागी ठरवेल. दोन सरकारं करार करतात, पण त्या कराराचा फायदा टॉवेलमागे किती पैसे, हे त्याच खोलीत ठरतं. त्यामुळे दराची बैठक त्या स्क्रीनसमोर घेऊच नका, कितीही खात्री झाली तरी.

आता करारांबद्दल. व्यापार करार आला की आपण शुल्काचा तक्ता उघडतो. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला करार झाला तेव्हाही सगळ्यांची नजर कापडावरचं शुल्क शून्य होतं का यावरच होती, आणि ते साहजिक आहे. पण अशा करारांच्या मागच्या प्रकरणांत डिजिटल व्यापाराची कलमं असतात. पॅसिफिक देशांच्या सीपीटीपीपी करारात आणि अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात असं कलम आहे की आयातीची किंवा विक्रीची अट म्हणून सरकारने कंपनीकडे सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मागू नये. दुसरीकडे आपला सीसीटीव्हीचा नियम तपासणीसाठी कोडच मागतो. म्हणजे एका हाताने उघडलेलं दार दुसऱ्या हाताने बंद होऊ शकतं, म्हणून अपवादाची कलमं शब्दन्शब्द वाचावी लागतात. जागतिक व्यापार संघटनेच्या गॅट करारातलं कलम २१ देशाला सुरक्षेसाठी व्यापार अडवायची मुभा देतं. पण २०१९ च्या रशिया-युक्रेन निकालात लवादाने सांगितलं की ते कलम पुढे केलं की प्रश्न संपला असं नाही, ते तपासता येतं. आणि करार बंदरासारख्या गोष्टीचा असेल तर मुदत बघावी. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये चीनचं ‘युआन वांग ५’ हे संशोधन जहाज तिथे लागलं तेव्हा भारताची काळजी वाढली.

तुमचा सामंजस्य करार त्या मानाने लहान आहे, पण वाचायची रीत तीच. परदेशांशी करार करणं हा घटनेच्या संघसूचीतला विषय आहे, त्यामुळे मसुद्यात कुठेही सरकारच्या वतीने, शहराच्या वतीने असे शब्द नकोत. फक्त संघटना. ‘माहितीची देवाणघेवाण’ हे वाक्य दिसलं की कोणती माहिती ते तिथेच लिहून घ्या, सदस्यांची यादी आणि दर स्पष्टपणे वगळा. एकाच पुरवठादाराकडून यंत्राचे सुटे भाग घ्यायची अट असेल तर ती काढा. वाद भारतात, भारतीय कायद्याने सुटेल आणि कुठल्याही पक्षाला ९० दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडता येईल, ही दोन वाक्यं हवीतच. शुल्कसवलतीच्या मूळ देश प्रमाणपत्रासाठी खर्चाचा तपशील लागतो, तो प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकृत यंत्रणेला द्यायचा असतो. शिष्टमंडळातल्या कुणी ‘आमच्याकडेच द्या, आम्ही काम लवकर करून देतो’ म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. कारखाना दाखवताना डिझाइन विभाग वगळा आणि जकार्ड मागांजवळ फोटो नाहीत असा फलक आधीच लावा, म्हणजे ऐन वेळी कुणाला अडवायची वेळ येत नाही.

राहिला प्रश्न नकार कसा द्यायचा याचा. शिष्टमंडळ यायच्या किमान तीन-चार आठवडे आधी पत्र पाठवा, मंचावर नकार देऊ नका. पत्रात चारच गोष्टी: आपल्या आगमनाचा आनंद आहे, आमच्या संस्थेच्या नियमांनुसार नेटवर्कला जोडता येणारी उपकरणं भेट म्हणून स्वीकारता येत नाहीत, हा नियम सर्व देशांना सारखा आहे, त्याऐवजी आपल्या देशातल्या विणकामाचे नमुने किंवा पुस्तकं दिलीत तर ती आम्ही सदस्यांसाठी प्रदर्शनात ठेवू. हा नियम आधी कार्यकारिणीच्या ठरावात लिहून इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे पत्रातलं वाक्य खरं असेल. नमुने संस्थेसाठीच येत असल्याने सीएच्या मतात तेही विचारून घ्या. तरीही ते स्क्रीन घेऊनच आले तर मंचावर शुभेच्छापत्र घ्या, सोलापुरी चादर देऊन सत्कार करा, आणि खोकं न उघडता त्यांच्याच ताब्यात ठेवून सांगा की सीएचं मत आल्यावर लेखी कळवतो.